तीसच्या खुणेपासून

शालिकभाऊ, तुमच्या शोकसभेत मी खोटं बोलले.

त्याला आज पंधरा दिवस झाले. आपल्या भौतिकशास्त्र विभागाच्या त्या लांबट खोलीत टेबलावर तुमचा फोटो ठेवला होता. निवृत्तीच्या दिवशी काढलेला, डोक्यावर फेटा आणि चेहऱ्यावर 'हे काय लचांड लावलं' असा भाव. प्राचार्य बोलले, मग माझी पाळी आली. सव्वीस वर्षं तुम्ही माझ्या प्रयोगशाळेत सहायक होतात, त्यामुळे सगळ्यांच्या नजरा माझ्याकडे. मी उभी राहिले आणि म्हणाले, "शालिकभाऊ कामसू होते, प्रामाणिक होते, आज्ञाधारक होते." मागच्या रांगेतून आपले ग्रंथपाल हळूच म्हणाले, "फक्त अंगठा तेवढा जड होता." चारपाच जण हसले. वाईट बुद्धीने नाही, तुमच्या आठवणीनेच हसले. पण ती गंमत मुळात माझ्या तोंडून निघालेली होती, आणि ती खोटी होती, आणि ती खोटी आहे हे त्या खोलीत फक्त मला माहीत होतं. एक वाक्य बोलायचं होतं. मी मान खाली घातली. लोकांना वाटलं, मॅडमना भरून आलं. बाजूच्या बाईंनी पाण्याचा पेला दिला, तोही मी प्यायले.

तुम्ही आज्ञाधारक कधी होतात हो? मी एक सांगावं आणि तुम्ही खाली मान घालून "हो जी" म्हणावं, आणि मग तुमच्या मनाला पटेल तेच करावं. आणि बहुतेक वेळा तेच बरोबर निघावं. आज्ञाधारक म्हणे. मेलेल्या माणसाबद्दल बोलताना आपण किती सोयीचे शब्द शोधतो.

ते वाक्य मी इथे लिहिणार आहे. पण मला सरळ मुद्द्यावर येता येत नाही हे तुम्हाला माहीत आहे. "मॅडम, तुमी अकोल्याले जाले निघता अन् परतवाड्याहून जाता," असं तुम्ही म्हणायचात. तर मला जरा परतवाड्याहून जाऊ द्या.

तुमच्या निवृत्तीला तीनेक वर्षं होती तेव्हा. वसतिगृहाच्या गच्चीवर जुन्या छत्र्या पडल्या होत्या, टीव्हीच्या. त्यांतल्या दोन मी खाली मागवल्या. छत्रीच्या तोंडाशी असतो तो एलएनबी नावाचा डबा मला हवा होता. तुम्ही विचारलंत, "कायले?" मी म्हटलं, "चालत्या वस्तूचा वेग मोजायला."

"पोलिसायच्या बंदुकीसारखं का?"

मी समजावून सांगितलं. पोलिसांची बंदूक लहर फेकते आणि गाडीवर आपटून परत आलेली लहर पकडते. आपलं यंत्र काहीच फेकणार नाही. जी जी वस्तू म्हणून ऊबदार आहे, तिच्यातून सूक्ष्मलहरी आपोआप निघतच असतात. भिंतीतून, म्हशीतून, तुमच्यातून, माझ्यातून. त्या आपण दोन कानांनी ऐकायच्या. वस्तू आडवी सरकली की लहर कधी एका कानाला आधी पोचते, कधी दुसऱ्याला. दोन्हींचं ऐकलेलं एकत्र केलं की जोर चढतो, उतरतो, पुन्हा चढतो. सेकंदाला असे चढउतार किती झाले, वस्तू किती लांब आहे आणि दोन कानांत अंतर किती आहे, एवढं कळलं की वेग निघाला. याला इंटरफेरोमीटर म्हणतात.

तुम्ही बराच वेळ डोकं खाजवलंत. "म्हंजे कोनाले काई न बोलता, कोनाले न सांगता, नुसतं बसल्या जागेवरून त्याची चाल मोजाची."

"बरोबर."

"हे तं सासूबाईचं काम झालं मॅडम."

मी तेव्हा हसले नाही. विभागप्रमुख होते ना. घरी जाऊन स्वयंपाक करता करता हसले.

पहिले दोन महिने काहीच जुळलं नाही. पडद्यावर नुसती खरखर. कारण मला पुस्तकातून माहीत होतं. दोन्ही डब्यांत आपापला ठेका देणारा स्फटिक असतो, आणि ते दोन ठेके कधीच तंतोतंत सारखे नसतात. मी म्हणाले, यासाठी बाहेरून भाग मागवावे लागतील, प्रस्ताव करा. तुम्ही म्हणालात, "मॅडम, भजनात दोन पेट्या बसवल्या तुमी, अन् दोघीचा सूर येगळा. नवी पेटी कायले पाह्यजे? दोघीले एकाच पट्टीत आना ना." आणि चौथ्या दिवशी दोन्ही डबे उघडे, एकाचा स्फटिक काढून टाकलेला, दुसऱ्याच्या स्फटिकाची तार दोघांना जोडलेली, आणि तुम्ही चष्मा कपाळावर चढवून डाग देताय. मी प्रस्ताव लिहीत बसले होते.

लहरी गोळा करून डब्यांत सोडणारे कर्णेसुद्धा तुम्हीच करून आणलेत, इतवारा बाजारातल्या पत्रेवाल्याकडून, तेलाच्या डब्याचे. एकावर सूर्यफुलाचं चित्र तसंच होतं. मी म्हटलं, हे खरवडून काढा, पाहुणे येतील. तुम्ही "हो जी" म्हणालात. ते सूर्यफूल अजून आहे.

मैदानाच्या कडेला मातीचा उंच बांध आहे. त्यावर माणूस चालला की खालून पाहणाऱ्याला त्याच्यामागे नुसतं आकाश. अमरावतीच्या मे महिन्यात अंगाची लाही होत असली, तरी या लहरींच्या कानाला आकाश गारच लागतं आणि माणूस ऊबदार, म्हणून तो उठून दिसतो. पहिल्यांदा तुम्ही त्या बांधावरून चाललात आणि पडद्यावरची रेघ वर गेली, खाली आली, पुन्हा वर गेली, तेव्हा मी पोरीसारखी ओरडले, "पुन्हा चाला, शालिकभाऊ!" तुम्ही पुन्हा चाललात. दुपट्टा डोक्याला बांधून त्या उन्हात तुम्ही चाळीस वेळा चाललात, आणि मी निंबाखाली सावलीत बसून "पुन्हा" म्हणत होते. संध्याकाळी तुमच्या पायांना फोड आले होते. मी विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी तुम्ही चपलेऐवजी बूट घालून आलात, तेव्हा मला कळलं.

आता प्रदर्शनाच्या दिवसाबद्दल लिहिते. तेच लिहायचं आहे.

यंत्र पाहायला बाहेरगावचे पाहुणे यायचे होते. आदल्या दिवशी तुम्ही सगळं मांडून ठेवलंत. बांधावर दहा मीटरची रेघ चुन्याने आखलीत, यंत्रापासून बांधाचं अंतर मोजून वहीत लिहिलंत, फळीवर दोन कर्णे बसवलेत आणि जाताना म्हणालात, "कानात बरोबर एक मीटर ठेवलं मॅडम." सकाळी तुम्ही यायच्या आधी मी गेले. मला स्वतः मोजल्याशिवाय चैन पडत नाही. खरं सांगायचं तर आकड्यांच्या बाबतीत माझा तुमच्यावर भरवसा नव्हता. तारा जोडाव्यात तुम्ही, पत्रा वाकवावा तुम्ही, आकडा मात्र माझा. कपाटातला पिवळा कापडी टेप घेतला, टोक एका कर्ण्याच्या मध्याला लावलं, दुसऱ्याच्या मध्यावर वाचलं. एकशे बावीस. मनात म्हणाले, यांना साधा मीटर मोजता येत नाही. आणि वहीतला तुमचा एक मीटर खोडून त्यावर १२२ लिहिलं.

पाहुणे आले. एक जण बांधावरून चालला. तुमच्या हातात घड्याळ होतं, दहा मीटरला आठ सेकंद लागले असं तुम्ही सांगितलंत. माझ्या यंत्राच्या आकड्याप्रमाणे जवळजवळ दहा लागायला हवे होते. पुन्हा चालवलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदाही तेच. पाहुण्यांपैकी एकाने भुवई वर केली. ती भुवई मला सहन झाली नाही, शालिकभाऊ. मी हसून म्हणाले, "यंत्र बरोबर आहे. आमच्या शालिकभाऊंचा अंगठा जरा जड आहे, घड्याळ उशिरा सुरू करतात."

सगळे हसले. भुवई खाली आली. तुम्ही हातातल्या घड्याळाकडे पाहिलंत, मग अंगठ्याकडे पाहिलंत. खरंच पाहिलंत. स्वतःच्याच अंगठ्याचा तुम्हाला क्षणभर संशय आला असावा, कारण सांगणारी मी होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही माझ्या टेबलापाशी आलात. "मॅडम, कानातलं अंतर कोन्या टेपनं मोजलं तुमी?"

मी वर न पाहता म्हणाले, "आता टेपवर ढकलायचं का?"

"ढकलून नाही राहिलो मॅडम, मी नुसतं इचारून राहिलो. त्या पिवळ्यानं मोजलं असंन तं..."

"शालिकभाऊ, मला तास आहे."

तेवढ्यावर आपला वाद संपला. संपला कसला, मी दार लावून घेतलं. तुम्ही पुन्हा कधीच तो विषय काढला नाही. मला तेव्हा वाटलं, माणसाला आपली चूक पटली.

या यंत्रावर मी लिहिलेल्या शोधनिबंधाच्या कच्च्या प्रतीत तिसरं नाव तुमचं होतं. ते मीच घातलं होतं, मोठ्या मनाने, निदान मला तरी तसं वाटायचं. प्रत तुम्ही घरी दाखवायला नेली होतीत. छापायला पाठवताना मी ते नाव काढलं. घड्याळाच्या नोंदींत तफावत आहे, त्याला कारण मानवी चूक, असं एक वाक्य लिहिलं. ज्याची चूक त्याचंच नाव वर कसं ठेवायचं, म्हणून काढलं. निबंध छापून आला, मी पेढे वाटले, तुम्हीही खाल्लेत. 'जड अंगठा' हे नाव मात्र विभागात राहिलं. पंखा सुरू होईना, जड अंगठ्याला बोलवा. घंटा उशिरा झाली, अंगठा जड असेल. तुम्ही हसायचात. मीही.

तुम्ही निवृत्त झालात त्याच वर्षीची दिवाळी. घरातल्या टेबलाला वरून सनमायका लावायचा होता. माप घ्यायला म्हणून मी कपाटातला तो पिवळा टेप घरी आणला. सुतार माझ्या हातातून टेप घेऊन हसायला लागला. "बाई, हा तं तुटका हाय. पहिले बावीस गेले याचे."

मी पाहिलं. टोकाशी पितळी कडी नव्हती. पट्टी फाटलेली, पहिला दिसणारा आकडा तेवीस. वीतभर तुकडा नाहीच.

"मंग कसं मोजता तुमी याच्यानं?" सुताराने विचारलं, आणि स्वतःच सांगितलं, "तीसपासून धरत असान."

आणि मला आठवलं. सव्वीस वर्षांत तुम्ही टेप हातात घेतलात की एक अंगठा नेहमी आतल्या बाजूला, तीसच्या लाल खुणेवर. दुसऱ्या टोकाचा आकडा वाचायचा आणि म्हणायचं, "वजा तीस." मला वाटायचं, ही यांची काहीतरी लकब. विचारावंसं वाटलं नाही. नवा टेप घ्यायचा तर तीन दुकानांचे भाव मागवा, समितीपुढे ठेवा, एवढ्यात वर्ष जातं. म्हणून फाटका टेप कोणी फेकत नाही, तीस सोडून मोजतात. प्रयोगशाळेत, कार्यशाळेत, माळ्यापर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. मीच तेवढी शहाणी, टोक म्हणजे शून्य असं धरून बसलेली.

सुताराला तसाच बसवून ठेवून मी वही काढली. एकशे बावीसमधून बावीस वजा. एक मीटर, तुम्ही सांगितलेला. लांब अंतरात वीतभर चूक झाली तर काही बिघडत नाही, आणि ती अंतरं तर तुम्हीच मोजली होती. पण मीटरभराच्या अंतरात वीत म्हणजे सगळा घोळ. वेग पुन्हा काढला. दहा मीटरला आठ सेकंद. तुमचं घड्याळ, तुमचा अंगठा, आणि पाहुण्यांपुढे मान वर करून बोललेली मी.

त्या दिवशी मी तुम्हाला फोन करायला हवा होता. नंबर काढलासुद्धा. मग मनात आलं, निबंध छापलेला आहे, दुरुस्ती पाठवावी लागेल, लोक विचारतील. मग आलं, दिवाळी होऊ दे. मग परीक्षा होऊ दे. दोन वर्षं झाली, शालिकभाऊ. मी दिवसेंदिवस स्वतःला सांगत गेले की तुम्ही विसरला असाल. तुम्ही विसरला नव्हतात हे मला आतून माहीत होतं, म्हणूनच सांगावं लागत होतं.

मागच्या हिवाळ्यात भाच्याच्या साखरपुड्याला अकोल्याला गेले होते. तिथून बाळापूरची बस धरली आणि तुमच्या गावी आले. सगळ्यांना सांगितलं, सहज. पिशवीत तो टेप होता. वाटेत वाक्य पाठ केलं होतं, शाळेतल्या पोरासारखं.

तुम्ही घराजवळच्या धुऱ्यावर, शेताच्या बांधावर होतात. मला पाहून केवढे हरखलात! "बाप्पा! मॅडम! अव, पाह्य ना कोन आलं ते!" वहिनी हात पुसत बाहेर आल्या. आणि तुम्ही मला बसूही न देता हाताला धरून शेतात नेलंत. तिथे, तुरीच्या ओळीपलीकडे, लाकडी फळीवर तेलाच्या डब्याचे दोन कर्णे. जुन्या मीटरचा काटा. शेजाऱ्याची म्हैस बांधावरून पाण्यावर जाते, तिचा वेग तुम्ही मोजत होतात. वहीत दोन रकाने, जातानाचा आणि येतानाचा. "जाताना झपझप जाते मॅडम, येताना मोठ्या घरच्या सुनेसारखी."

मी फळी पाहिली. कर्णे अर्ध्या मीटरवरच होते. "इतके जवळ का?"

"म्हैस अंगानं लांब हाय ना. कान दूर ठेवले तं तिचं तोंड येगळं बोलते अन् शेपूट येगळं, सारा चढउतार पुसून जाते. म्हनून जवळ आनले."

हे मी तुम्हाला शिकवलं नव्हतं. हे माझ्या निबंधाच्या चौथ्या पानावर मी मोठ्या कष्टाने गणित करून लिहिलं होतं, आणि तुम्ही म्हशीकडे पाहून काढलंत. मला त्या क्षणी तुमचा इतका अभिमान वाटला आणि स्वतःची इतकी लाज वाटली की दोन्ही एकदम गिळावी लागली.

चहा आला. तुम्ही बशीत ओतून घेतलात आणि सहज बोलल्यासारखं म्हणालात, "टेप नवा घेतला मॅडम. शून्यापासून पुरा हाय." आणि माझ्याकडे पाहिलंत.

मी म्हणाले, "छान केलंत."

तुम्ही बशी खाली ठेवलीत. "काई सांगाचं होतं का मॅडम?"

"नाही हो. सहजच आले होते."

तुम्ही मला बसपर्यंत सोडायला आलात. सोबत तुरीच्या शेंगा दिल्यात, आणि वांगी. बसमध्ये पिशवीत हात घातला तर शेंगांखाली टेप होता. मी रडले नाही. रडले असते तर निदान काहीतरी केलं असं झालं असतं.

आणि मग या महिन्यात फोन. छातीत दुखलं, अकोल्याला नेता नेता गेलात.

शोकसभेनंतर चौथ्या दिवशी मी पुन्हा तुमच्या दारात होते. या वेळी टेप हातात होता, पिशवीत नाही. वहिनी ओट्यावर बसल्या होत्या. मी त्यांच्यापुढे बसले आणि सगळं सांगितलं. तीस, बावीस, एकशे बावीस, घड्याळ, निबंध. त्यांना यातलं किती कळेल असं मनात होतं. लाज वाटायला आलेली बाईसुद्धा मनात असले हिशेब करते बघा.

त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाल्या, "मालूम हाय मले."

"कसं?"

"त्यायनं सांगतलं होतं. तुमी मागच्या साली आल्या न, तुमी गेल्यावर मले म्हने, मॅडमनं टेप आनला होता. पिशवीतून पिवळी पट्टी दिसून राहिली होती."

मी हातातला टेप ओट्यावर ठेवला.

"मी म्हतलं, मंग तुमीच काहून नाही बोलले? तं म्हने, आपल्या दारात आलेल्या मानसाले खाली पाहाले नाही लावत. म्हने, चहा पेता पेता दोनदा तोंड उघडलं मॅडमनं. येतीन परत." वहिनींनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "मंग तुमी आल्याच नाही."

शालिकभाऊ, तुम्ही शांतपणे वाट पाहत होतात. मी बस चुकल्यासारखी नुसती घरी बसून होते. आपण दोघांनी काही न फेकता, नुसतं ऐकणारं यंत्र बांधलं आणि मलाच ऐकता आलं नाही, असं काहीतरी छान वाक्य मला सुचलं होतं. ते मी इथे लिहिणार नव्हते, कारण असल्या वाक्यांनी लाजेला इस्त्री होते. लिहिलंच शेवटी. असो. साधी गोष्ट एवढीच की तुम्ही दोनदा विचारलंत, एकदा माझ्या टेबलापाशी आणि एकदा तुमच्या अंगणात, आणि मी दोन्ही वेळा नाही म्हणाले.

मी वहिनींचे हात धरले, म्हटलं, मला माफ करा. त्यांनी हात सोडवून घेतले. रागाने नाही, पण सोडवून घेतले. आत जाऊन एक कागद आणला. निबंधाची कच्ची प्रत, पहिलं पान, घडीवर फाटायला आलेलं. तिसऱ्या नावाखाली निळ्या पेनाची रेघ.

"मले माफी नोका मागू," त्या म्हणाल्या. "मी कुठी हासली होती? हासले ते कॉलेजात हासले. तिथं जाऊन सांगा. हासू द्या त्यायले तुमच्यावर एक डाव."

परतीच्या बसमध्ये मी दुरुस्तीचं पत्र लिहिलं. अंतर चुकीचं, चूक माझी, घड्याळाची नोंद बरोबर, आणि एक नाव गाळलं गेलं होतं ते खाली देत आहे. 'गाळलं गेलं' असं लिहिलं होतं, ते खोडून 'मी गाळलं' केलं. घरी पोचल्या पोचल्या ते पाठवून दिलं.

काल मी सगळ्यांना मैदानावर बोलावलं. प्राध्यापक, कार्यालयातली मंडळी, माळी, ग्रंथपाल, यंदाची मुलंमुलीही. फळी मांडली, सूर्यफुलाचा कर्णा डावीकडे, तुम्ही ठेवायचात तसा. आणि उभी राहून सांगितलं. पाठ केलेलं वाक्य आठवलं नाही, तुटक तुटक सांगितलं. शालिकभाऊंचा अंगठा जड नव्हता. टेप तुटका होता, तो मी धरला होता. ते सांगायला आले तेव्हा मी ऐकलं नाही. नंतर मला कळलं आणि दोन वर्षं मी गप्प बसले. शोकसभेतही गप्प बसले.

मग टेप काढला. ग्रंथपालांना म्हटलं, पलीकडचं टोक धरा. मी तीसची लाल खूण कर्ण्याच्या मध्याला लावली आणि तिच्यावर अंगठा ठेवला. ग्रंथपालांनी वाकून वाचलं, "एकशे तीस." आणि मग मी काही म्हणायच्या आत, अगदी हळू, "वजा तीस."

एक जण बांधावरून चालला. घड्याळ आणि यंत्र जुळलं.

मी वाट पाहत उभी राहिले. वहिनींनी सांगितलं होतं, हासू द्या त्यायले. मला वाटलं, आता कुणीतरी म्हणेल, मॅडमना टेप धरता येत नाही. कुणीतरी मला एखादं नाव ठेवेल, पंखा बंद पडला की ते नाव निघेल, माझ्या निवृत्तीपर्यंत निघेल. मी त्याची तयारी करून गेले होते. एक जण म्हणाला, "होतं असं, मॅडम." दुसऱ्या कुणीतरी खुर्ची आणली. ग्रंथपालांनी टेप नीट गुंडाळून माझ्या हातात दिला.

तुम्ही न केलेल्या चुकीवर ते पाच वर्षं हसले, शालिकभाऊ. मी केलेल्या चुकीवर काल कुणीच हसलं नाही. मॅडम आहे ना मी.